श्टाउफेनचे सात बोअर

सात बोअर, प्रत्येक १४० मीटर खोल. जर्मनीतल्या श्टाउफेन या छोट्या गावाच्या नगरपालिकेनं २००७ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या जुन्या इमारतीच्या मागच्या जागेत हे काम करून घेतलं. इमारतीचं नूतनीकरण चाललं होतं आणि हिवाळ्यात ती गरम ठेवण्यासाठी जमिनीतली उष्णता वापरायची असं ठरलं होतं. निर्णय चांगला होता, आजही मला तो चांगलाच वाटतो. पण बोअर झाल्यावर काही आठवड्यांतच आसपासच्या भिंतींवर बारीक चिरा दिसू लागल्या आणि वाढत गेल्या. पुढच्या काही वर्षांत गावाचा मधला भाग अर्ध्या मीटरहून जास्त वर उचलला गेला. साधारण २७० इमारतींना तडे गेले.

मी बांधकामातला माणूस. परभणी-हिंगोलीकडच्या काळ्या मातीतली तडकलेली घरं पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. जमीन फुगली आणि घर फाटलं, ही तक्रार मला नवी नाही. पण पावसाळ्यात फुगून उन्हाळ्यात पुन्हा बसणारी जमीन वेगळी आणि एकदा उचलली की परत न बसणारी जमीन वेगळी. श्टाउफेनचं प्रकरण मी इतकी वर्षं वाचत आलो ते यासाठी की तिथे हीट पंपानं, म्हणजे जमिनीतली उष्णता उपसून घराला देणाऱ्या यंत्रानं, कोणताही दगा दिला नाही. घोळ झाला तो बोअरच्या भोकाची भिंत आणि आत सोडलेली नळी यांच्यामधल्या काही सेंटिमीटरच्या पोकळीत. आपल्याकडे लाखो बोअर पाडले जातात आणि त्या पोकळीकडे क्वचितच कोणी बघतं.

श्टाउफेन हे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातलं, सुमारे आठ हजार वस्तीचं गाव. फ्रायबुर्ग शहराच्या दक्षिणेला, श्वार्त्सवाल्डच्या डोंगरांच्या पायथ्याशी. एका टेकडीवर पडका किल्ला, उतारावर द्राक्षमळे, खाली दगडी फरशीच्या गल्ल्या आणि एकमेकांना चिकटून उभी असलेली शतकांपूर्वीची घरं. सैतानाला आत्मा विकल्याची गोष्ट ज्याच्या नावावर आहे तो डॉक्टर फाउस्ट १५४० च्या सुमारास याच गावातल्या एका खानावळीत मेला अशी दंतकथा आहे, आणि ती ऐकायला पर्यटक येतात. नगरपालिकेची इमारतही सोळाव्या शतकातली. गावाची ओळख आणि कमाई दोन्ही या जुन्या भागावर उभी आहेत, हे ध्यानात घेतलं म्हणजे पुढच्या नुकसानीचं वजन कळतं.

आता या उष्णतेचं गणित. आपल्याकडे ज्यांनी विहिरीवर आंघोळ केली आहे त्यांना ते शाळेत शिकवावं लागत नाही. थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतं, मे महिन्यात गार लागतं. पाणी बदललेलं नसतं, बाहेरची हवा बदललेली असते. जमिनीत दहा-पंधरा मीटर खाली गेलं की ऋतूंचा परिणाम जवळजवळ संपतो आणि तापमान त्या जागेच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहतं. जर्मनीत ते १० ते १२ अंश असतं, आणि त्याखाली दर शंभर मीटरला साधारण ३ अंशांनी वाढत जातं. बाहेर बर्फ पडत असताना जमीन १० अंशांवर असते, हीच तिची किंमत.

१० अंशांचं पाणी थेट खोलीत फिरवून खोली गरम होणार नाही. तिथे हीट पंप लागतो. फ्रिज आतली उष्णता उपसून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप अगदी तेच करतो, फक्त इथे आपल्याला हवी असते ती मागची जाळी. बोअरमध्ये यू आकाराची प्लास्टिकची नळी सोडतात, तिच्यातून गोठू नये असं औषध मिसळलेलं पाणी फिरतं, ते जमिनीतून थोडी उष्णता घेऊन वर येतं, आणि कॉम्प्रेसर ती ३५-४० अंशांवर नेऊन घराला देतो. एक युनिट वीज खर्च केली की चांगल्या यंत्रातून साधारण चार युनिट उष्णता मिळते, त्यातली तीन युनिटं जमिनीची. स्वित्झर्लंडच्या हाइनरिश झोली यांनी जमिनीची उष्णता अशी वापरण्याचं पेटंट १९१२ मध्ये घेतलं होतं. आज स्वीडन, स्वित्झर्लंड आणि जर्मनीत अशा बोअरवर लाखो घरं चालतात. त्यांच्या भिंती शाबूत आहेत, हेही इथेच सांगून ठेवतो.

श्टाउफेनच्या सात बोअरची मिळून लांबी ९८० मीटर होते. मध्यम प्रतीच्या जमिनीत एका मीटरमागे ५० वॅट उष्णता मिळते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे सगळे मिळून ५० किलोवॅटच्या जवळपास. एका नगरपालिकेच्या इमारतीसाठी हे रास्त आहे. जागा अरुंद असली की आडवं पसरता येत नाही, खालीच जावं लागतं. कागदावर या योजनेत वावगं काही नव्हतं.

कागदावर नव्हती ती गावाखालची जमीन.

श्टाउफेन ऱ्हाईन नदीच्या मोठ्या खचदरीच्या काठावर आहे. एका बाजूला दरी खचली, दुसऱ्या बाजूला श्वार्त्सवाल्ड उचलला गेला, आणि मधल्या पट्ट्यातले थर तुटले, कलले, एकमेकांवर सरकले. अशा जागी शंभर मीटर अंतरावर घेतलेला बोअर शेजारच्या बोअरची हमी देत नाही. गावाखाली नेमके कोणते थर कुठल्या खोलीवर आहेत हे नीट कळलं ते नुकसान झाल्यावर, खास तपासणीसाठी बोअर घेऊन गाभे, म्हणजे खडकाचे लांब दंडगोल नमुने, बाहेर काढले तेव्हा.

त्या थरांपैकी तीन गोष्टी महत्त्वाच्या. वर चिकणमातीचे दगड. त्यांच्यात, साधारण ६० ते १०० मीटरच्या दरम्यान, ॲनहायड्राइट असलेला थर. आणि त्याच्याही खाली चुनखडीचा खडक, ज्यातलं भूजल दाबाखाली कोंडलेलं होतं. वर चिकणमातीचं झाकण असल्यामुळे ते पाणी वर येऊ शकत नव्हतं. मधला थर त्यामुळे कोट्यवधी वर्षं कोरडा राहिला होता.

ॲनहायड्राइट म्हणजे काय हे समजायला कोकणातल्या मिठागरात जावं. समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा मिठाच्या आधी जिप्समचे बारीक स्फटिक खाली बसतात. सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी मध्य युरोपच्या या भागात उथळ खारट पाणी होतं, ते आटलं आणि जिप्सम साचत गेलं. मग त्यावर शेकडो मीटर गाळ चढला, दाब आणि उष्णता वाढली, आणि जिप्समच्या स्फटिकातलं पाणी पिळून बाहेर निघालं. उरला तो ॲनहायड्राइट. ग्रीक भाषेत या नावाचा अर्थच "पाणी नसलेला" असा आहे.

या खनिजाला पाणी परत मिळालं की ते पुन्हा जिप्सम होतं. पेणच्या मूर्तिकाराच्या हाताला याची धाकटी बहीण रोज भेटते. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे भट्टीत तापवून बहुतेक पाणी काढून घेतलेलं जिप्समच. पाण्यात कालवलं की काही मिनिटांत साच्याबाहेरून हात लावला तरी गरम लागतं, घट्ट होतं, आणि घट्ट होताना किंचित फुगून साच्याच्या कानाकोपऱ्यात बसतं. म्हणून तर मूर्तीच्या बोटांची नखंसुद्धा उमटतात. ॲनहायड्राइटची चाल संथ असते, त्याला महिने-वर्षं लागतात, पण फुगवटा फार मोठा. शंभर किलो ॲनहायड्राइट साधारण २६ किलो पाणी स्फटिकात ओढून घेतो आणि त्याचं आकारमान सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं.

वरच्या खडकाचं वजन त्याला दाबून धरेल असं वाटू शकतं. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. हिशेब केला. ८० मीटर खडक म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर पावणेदोनशे टन. पण ॲनहायड्राइट असलेल्या चिकणमातीच्या दगडाचा फुगण्याचा दाब प्रयोगशाळेत याच्या कितीतरी पट मोजला गेला आहे. वरचा खडक, त्यावरचा रस्ता, त्यावरचं शतकानुशतकांचं गाव, हे सगळं मिळूनही त्याच्यासाठी जड नाही.

बोअर या तिन्ही थरांमधून गेले. खालचं कोंडलेलं पाणी वर चढायला वाट मिळाली.

इथे ती पोकळी येते. बोअरचं भोक नळीपेक्षा मोठं असतं. नळी सोडल्यावर उरलेली जागा सिमेंट आणि बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) यांच्या स्लरीनं, म्हणजे पाण्यात कालवलेल्या दाट मिश्रणानं, तळापासून वरपर्यंत भरायची असते. या भरावाची दोन कामं. जमिनीची उष्णता नळीपर्यंत पोचवणं हे एक. दुसरं आणि मोठं काम म्हणजे जे झाकण आपण भोक पाडून फोडलं ते पुन्हा बसवणं, म्हणजे एका जलधरातलं (पाणी धरून ठेवणाऱ्या खडकातलं) पाणी दुसऱ्या थरात जाणार नाही. दाबाखालचं पाणी वर येत असेल तर ते ओली स्लरी धुऊन नेतं, पातळ करतं, तिच्यातून आपली वाट काढतं. जमिनीत सल्फेट असेल, जसं जिप्सम-ॲनहायड्राइटमध्ये असतं, तर साधं सिमेंट पुढे कुजतं, तिथे सल्फेटला टिकणारं सिमेंट लागतं. श्टाउफेनमध्ये तपासणी झाली तेव्हा नळ्यांभोवतीचा भराव सलग नसल्याचं आढळलं. पाणी त्या कच्च्या जागांतून चढलं आणि ॲनहायड्राइटच्या थरात शिरलं.

यानंतर उलटं फिरणं शक्य नव्हतं. काळी माती वाळली की आकसते, जिप्सम झालेला खडक वाळून पुन्हा ॲनहायड्राइट होत नाही. शिवाय फुगणारा थर स्वतःच फाटतो, नव्या फटी पडतात, त्या फटींतून पाणी कोरड्या भागापर्यंत पोचतं आणि तो भागही फुगू लागतो. एकदा सुरू झालेली प्रक्रिया स्वतःच स्वतःची वाट रुंद करत जाते.

वर काय दिसत होतं? सगळं गाव एकसारखं वर गेलं असतं तर एकाही भिंतीला चीर पडली नसती. पण जमीन घुमटासारखी उचलली जात होती, बोअरच्या आसपास सर्वाधिक, बाहेर कमी कमी. घुमटाच्या माथ्यावर घरं ताणली जातात, उतारावर कलतात, आणि एकाच रांगेतली दोन घरं वेगवेगळ्या वेगानं चढतात. सर्वांत वाईट दिवसांत माथ्यावरचा वेग महिन्याला ११ मिलिमीटर होता. माणसाच्या बोटांची नखं महिन्याला तीन-साडेतीन मिलिमीटर वाढतात. गाव त्याच्या तिप्पट वेगानं वर येत होतं. उंचीची मोजणी जमिनीवरून चालू होती, आणि रडार उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमांवरूनही घुमटाचा आकार काढला गेला.

मी स्वतः तडा मोजतो तेव्हा एक साधी गोष्ट करतो. पातळ काचेची पट्टी तड्यावर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवतो आणि शेजारी तारीख लिहितो. काच टिकली तर तडा जुना, झोपलेला. काच तडकली तर भिंत अजून चालते आहे. सेलूजवळच्या एका घरात आजी रोज सकाळी देवपूजा झाली की त्या काचेपाशी जाऊन बघायच्या. नवव्या दिवशी काच तडकली. त्यांनी मला फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "बाबा, काच गेली." श्टाउफेनच्या बातम्या वाचताना मला त्या आजींचा आवाज आठवतो. पडलेलं घर हे एक दुःख असतं. रोज थोडं थोडं सरकणाऱ्या घरात राहणं, दार आज लागेल का ते बघत उठणं, याचा थकवा वेगळा. श्टाउफेनच्या लोकांनी तो वर्षानुवर्षं काढला. आज भरलेली भेग सहा महिन्यांनी पुन्हा उघडत होती, त्यामुळे दुरुस्तीला तरी कधी हात घालायचा हाही प्रश्न होता.

गावानं घोषणा दिली, "श्टाउफेन तुटता कामा नये." ती फलकांवर, दुकानांवर लागली. भेगाग्रस्त घरमालकांनी आपली संघटना उभी केली. नुकसानीचा अंदाज ५ कोटी युरोंच्या आसपास गेला, आणि एवढी रक्कम आठ हजारांचं गाव कुठून आणणार? घरांच्या नेहमीच्या विम्यात असं नुकसान बसत नव्हतं. बोअर घेणाऱ्यांवर दावे लावून निकालाची वाट बघायची तर लोक म्हातारे झाले असते. शेवटी राज्य सरकार, राज्यातल्या नगरपालिकांचा सामाईक निधी आणि गाव यांनी मिळून पैसा उभा केला, आणि भरपाईचे दावे कोर्टाऐवजी सामोपचाराच्या यंत्रणेतून सोडवण्याची सोय केली. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत आदर वाटतो तो या भागाचा. दोष कोणाचा याचा निवाडा आणि घर कोणाचं मोडलं याची मदत, या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत अडकू दिल्या नाहीत. आपल्याकडे खचलेल्या घरांची चौकशी आणि मदत एकाच फायलीत अडकलेली मी पाहिली आहे. चौकशी संपत नाही म्हणून मदत निघत नाही.

उपाय दोन झाले. पहिला, सातही बोअरच्या नळ्यांभोवतीचा भराव शक्य तिथे पुन्हा दाबानं भरणं. दुसरा, जवळ खोल विहीर घेऊन खालच्या जलधरातलं पाणी उपसत राहणं, म्हणजे त्याची पातळी फुगणाऱ्या थराच्या खाली राहील आणि नवं पाणी वर चढणार नाही. हे काम २००९ पासून सुरू झालं. उचलण्याचा वेग उतरत गेला, महिन्याला ११ मिलिमीटरवरून दोन-तीनवर, पुढे त्याहूनही खाली. पण तो थांबवता आला नाही, कारण थरात आधीच शिरलेलं पाणी बाहेर काढायचा मार्ग नाही. ते पाणी ॲनहायड्राइट पिऊन संपवेल तेव्हाच ते संपेल. तोवर उपसा चालू ठेवावा लागतो, रात्रंदिवस, वर्षामागून वर्षं. काही इमारती पाडाव्या लागल्या. बाकीच्या वेग मंदावल्यावर एकेक करून दुरुस्त होत गेल्या.

हे सगळं कोणालाच आधी ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, आणि हीच गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. बोगदे खणणाऱ्यांना ॲनहायड्राइटचा त्रास एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. श्टाउफेनपासून काही तासांच्या अंतरावर श्टुटगार्टमध्ये वागेनबुर्ग बोगद्याची तळजमीन याच खडकानं उचलली. स्वित्झर्लंडमधल्या बेल्शेन बोगद्यातही हेच झालं. बोगद्याच्या अभियंत्यांनी यावर जाडजूड प्रबंध लिहिले आहेत, आणि त्यांचा एकच धोशा असतो, या खडकात पाणी जाऊ देऊ नका. पण बोगदा खणणारे वेगळे आणि इमारतीच्या हीटिंगसाठी बोअर घेणारे वेगळे. पहिल्यांना खडक हाच विषय असतो. दुसऱ्यांच्या कामात खडक म्हणजे मीटरमागे किती वॅट आणि दिवसाला किती मीटर. ज्ञान एका खोलीत होतं, यंत्र दुसऱ्या खोलीत.

जर्मनीत तेव्हा १०० मीटरपेक्षा खोल बोअर खाण-कायद्याच्या कक्षेत येत होता, त्यामुळे अनेक ठिकाणी ९९ मीटरवर थांबण्याची रीत होती. पण इथे आकड्याच्या मागे लागण्यात अर्थ नव्हता, कारण फुगणारा थर ६० मीटरवरच सुरू होत होता. बाडेन-व्युर्टेम्बर्गनं २०११ मध्ये अशा बोअरसाठी गुणवत्तेचे नवे निर्देश आणले, आणि त्यातलं प्रत्येक कलम वाचताना त्यामागे श्टाउफेनची एकेक भिंत दिसते. बोअर घेताना जिप्सम किंवा ॲनहायड्राइट लागला की तिथेच थांबायचं. भराव भरताना त्याची घनता आणि तो किती गेला याची यंत्रानं नोंद ठेवायची. दोष सिद्ध होण्याची वाट न पाहता भरपाई देणारा विमा असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. यातलं शेवटचं कलम मी आपल्याकडच्या कितीतरी कामांवर लावून बघतो आणि गप्प बसतो.

श्टाउफेन एकटं नाही. त्याच राज्यातल्या ब्यॉब्लिंगेनमध्ये आणि सीमेपलीकडे फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या लॉखविलर गावातही अशाच बोअरमुळे जमीन उचलली. तरीही, लाखो बोअरपैकी अशी ठिकाणं हातावर मोजण्याएवढी आहेत. श्टाउफेन दाखवून "जमिनीची उष्णता धोक्याची आहे" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला ते पटत नाही. गॅस जाळून घर गरम करण्याचंही नुकसान होतंच, फक्त त्याचा तडा कोणा एकाच्या भिंतीवर दिसत नाही. त्या गावाचं दुःख वापरून एक चांगलं तंत्र बाजूला सारणं हा त्या गावावरही अन्याय आहे.

आपल्याकडे याचा संबंध किती? महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली बसाल्ट आहे, लाव्हाच्या थरांवर थर. त्यात ॲनहायड्राइट नाही, त्यामुळे श्टाउफेनसारखा घुमट इथे उठणार नाही. घर गरम करण्याची गरजही आपल्याला नाही. उलट गरज आहे, थंड करण्याची. अकोल्यात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर असते तेव्हा जमिनीखाली वीस मीटरवर त्याहून पंधरा-सोळा अंश तरी कमी असतं. एसीनं खोलीतली उष्णता त्या भट्टीसारख्या हवेत फेकण्याऐवजी जमिनीत सोडली तर वीज नक्की वाचते. अडचण अशी की जर्मनीत हिवाळ्यात घेतलेली उष्णता उन्हाळ्यात जमिनीला परत मिळते, विदर्भात आपण वर्षातले आठ-नऊ महिने नुसतं देतच राहू. बोअर जवळजवळ घेतले तर काही वर्षांत जमीनच तापून बसेल. म्हणून इथे ते दूर दूर घ्यावे लागतील, किंवा हिवाळ्यात ती उष्णता कशाला तरी वापरावी लागेल, एखाद्या वसतिगृहाच्या आंघोळीच्या पाण्याला, दूध डेअरीच्या धुण्याला. हा हिशेब जागेवर बसून करण्यासारखा आहे आणि आपल्या अभियांत्रिकी कॉलेजांनी तो करायला हवा.

पण पोकळीचा प्रश्न मात्र तंतोतंत आपलाच आहे. आपल्या बसाल्टमध्ये वरच्या मुरमात आणि फुटलेल्या खडकात उथळ पाणी असतं, ज्यावर विहिरी जगतात, आणि खाली लाव्हाच्या दोन थरांच्या सांध्यात खोल पाणी असतं. मधला घट्ट खडक हे आपलं झाकण. पाचशे फुटांचा बोअर ते झाकण फोडतो. केसिंग पाइप वरचे वीस-तीस फूट घालतात, ते माती ढासळू नये म्हणून. पाइपाभोवतीची जागा तशीच राहते किंवा तिच्यात निघालेलाच मुरूम लोटतात. मग विहिरीचं उथळ पाणी बोअरच्या कडेनं खाली उतरतं, शेजारच्या संडासाच्या खड्ड्यातलं पाणीही त्याच वाटेनं उतरतं. गावातली विहीर अचानक का आटली, बोअरच्या पाण्याला वास का येतो, याचं उत्तर बरेचदा त्या दोन-तीन इंचांत असतं. इथे भिंत तडकत नाही, म्हणून कोणी चौकशी करत नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका शाळेच्या आवारात बोअर घ्यायचा होता. शाळेची विहीर चाळीस पावलांवर. मी मुख्याध्यापकांना विनंती केली, वरचे साठ फूट मोठ्या व्यासाचे घेऊ, केसिंग घट्ट खडकापर्यंत नेऊ आणि बाहेरची जागा बेंटोनाइट-सिमेंटनं भरून घेऊ. खर्च थोडा वाढणार होता. ते तयार झाले. गाडीवरचा ड्रिलर नाही झाला. "साहेब, वरून दोन घमेली टाकली की बसतं ना," तो म्हणाला. मी त्याला सांगितलं की वरून टाकलेलं मध्येच अडकतं आणि खाली पोकळीच राहते. बारीक पाइप पोकळीतून अगदी तळापर्यंत सोडायचा, स्लरी खालून वर चढवायची, आणि जी वर येईल ती खाली पाठवलेल्या स्लरीइतकीच दाट दिसेपर्यंत थांबायचं नाही.

सुरुवातीला केसिंगच्या कडेनं नुसतं गढूळ पाणी वर आलं. मग राखाडी, पातळ ताकासारखं. ड्रिलर पंप बंद करायला निघाला, मी थांबवलं. आणखी तीन पोती गेली. तेवढ्यात त्याच्या हाताखालचा मुलगा खाली बसला, त्यानं वर आलेल्या स्लरीत बोट घातलं, मग ड्रममधल्या स्लरीत घातलं, दोन्ही बोटं शेजारी शेजारी धरून बघितली आणि मालकाकडे पाहून म्हणाला, "आता सारखी झाली."